मोटरहोममध्ये राहून वन्यजीव आश्रयस्थानात स्वयंसेवा : न्यू मेक्सिकोतले दोन हिवाळे

मामातलाव

नमस्कार. स्थलांतरित पक्ष्यांच्या धाग्यावर मी ओघात लिहिले होते की आम्ही दोघे हिवाळ्याचे चार महिने मोटरहोममध्ये, म्हणजे घरासारख्या सोयी असलेल्या मोठ्या गाडीत, राहून अमेरिकेतल्या एका वन्यजीव आश्रयस्थानात स्वयंसेवक म्हणून काम करतो. त्यावर इतक्या जणांनी विचारणा केली, की स्वतंत्र धागा काढणे बरे वाटले. तिथे फुकट राहायला मिळते का, हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते. जागेचे भाडे द्यावे लागत नाही. वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते, आणि त्याच्या मोबदल्यात ठरलेले तास काम करावे लागते. परंतु केवळ भाडे वाचते म्हणून कोणी जाणार असेल तर त्याने जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिथले काम पक्ष्यांची ओढ असेल तरच निभते.

आम्ही जातो ते बोस्के देल अपाचे हे आश्रयस्थान न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहराच्या दक्षिणेला, मोटारीने सुमारे दीड तासाच्या अंतरावर, रिओ ग्रांदे नदीच्या काठी आहे. त्याची स्थापना १९३९ साली झाली आणि क्षेत्रफळ ५७,३३१ एकर आहे. भोवती वाळवंट, मधून नदी आणि तिच्या कडेने कॉटनवूडच्या झाडांचा पट्टा, अशी ही भूमी. नदीकाठच्या रानाला स्पॅनिशमध्ये बोस्के म्हणतात. अपाचे लोकांचे तळ या रानात पडत, म्हणून हे नाव पडले. ऑक्टोबरच्या अखेरीस उत्तरेकडून सँडहिल क्रौंच येऊ लागतात, पाठोपाठ स्नो गूज या पांढऱ्या कलहंसांचे थवे येतात, आणि फेब्रुवारीपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. १९४१ साली येथे अवघे १७ सँडहिल क्रौंच मोजले गेले होते. आज ते हजारोंनी येतात.

हे आपोआप घडलेले नाही, आणि हा धागा मी मुख्यतः तेवढे सांगण्यासाठीच काढला आहे. रिओ ग्रांदेवर धरणे झाली, तिचे पात्र बांधून काढले गेले, आणि पूर्वी पुराच्या पाण्याने ज्या पाणथळी दरवर्षी भरत असत त्या भरेनाशा झाल्या. त्यामुळे आता एकेक तळे उन्हाळ्यात मुद्दाम उघडे पाडावे लागते, त्याच्या ओल्या गाळात रानगवते वाढून त्यांचे बी पिकू द्यावे लागते, आणि थंडीच्या तोंडावर त्यात कालव्याचे पाणी ठरावीक उंचीपर्यंत सोडावे लागते. ही उंची चुकून चालत नाही. क्रौंच रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. कायोटी हा कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी पाण्यातून येऊ लागला तर त्याची चाहूल लागते, हीच त्यांची राखण. पाणी जास्त झाले तर त्यांना उभे राहता येत नाही, कमी झाले तर राखण उरत नाही. शिवाय पाणी हवे तेवढे मिळत नाही, कारण कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि टेक्सास या तीन राज्यांत या नदीची वाटणी १९३८ च्या कराराने बांधलेली आहे.

माझे बालपण गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या बाजूला गेले. आमच्याकडे माजी मालगुजारी तलावांना लोक मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाने बांधलेल्या त्या तलावांची पाळ, जादा पाणी काढून देणारी सलंग आणि शेताला पाणी सोडणारे तुडूम हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. बोस्केत पहिल्याच आठवड्यात एका कर्मचाऱ्याने काँक्रीटच्या खाचेतली लाकडी फळी काढून तळ्याचे पाणी दोन बोटे कसे उतरवतात ते दाखवले, तेव्हा मला ते समजावून घ्यावे लागले नाही. पाण्याचे निर्णय अर्थातच कर्मचारी घेतात. आमच्याकडे खाचेत अडकलेला पालापाचोळा काढणे, फलक धुणे, पाहुण्यांना माहिती देणे, पायवाटा साफ ठेवणे, प्रसाधनगृहे स्वच्छ करणे आणि आठवड्यातून एकदा मोजणीला जाणे ही कामे असतात.

मोजणीचा एक दिवस सांगते. डिसेंबरात सूर्योदयापूर्वी आम्ही तळ्याच्या काठावर उभे होतो आणि पारा शून्याच्या सात अंश खाली होता. क्रौंचांच्या पायांभोवती रात्रीतून बर्फाची पातळ कड धरली होती. उजेड वाढला तसा एका पक्ष्याने पाय उचलला आणि काचेला तडा जावा तसा बारीक आवाज झाला. पाण्याकडे पाहत तो पाय त्याने थोडा वेळ तसाच वर धरला आणि पुन्हा खाली टेकवला. उडण्याआधी क्रौंच मान पुढे ताणतो, अंग तिरके करतो आणि थांबतो. त्याच्या कुटुंबातले बाकीचेही तशीच मान ताणेपर्यंत तो सहसा निघत नाही. मग दोनचार पावले धावून सारे एकदम उठतात. पहिल्या वर्षाच्या पिल्लाच्या डोक्यावर लाल कातडी नसते, ते तपकिरी दिसते, त्यामुळे त्या वर्षी किती पिल्ले जगली याचा अंदाज मोजणाऱ्याला बांधता येतो. अंडी बहुधा दोन असतात, पण हिवाळ्याला आईबापांबरोबर एकच पिल्लू पोहोचलेले दिसते. दोन पिल्लांसह आलेली जोडी दिसली की आम्ही सारे हातातले काम थांबवून ती पाहतो.

आता घराविषयी. आमचे मोटरहोम २६ फुटी आहे. ताज्या पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची. पहिल्या हिवाळ्यात मी नळाला जोडलेली साधी नळी रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी ती दगडासारखी कडक झालेली मिळाली. जोडणीजवळ चिरली होती. तेव्हापासून आम्ही विजेवर गरम राहणारी नळी वापरतो, आणि कडाक्याची थंडी असेल तर नळी काढून ठेवून टाकीतल्या पाण्यावर दोन दिवस काढतो. सांडपाण्याची जोडणी कायमची असली तरी संडासाच्या टाकीची झडप बंदच ठेवावी. टाकी दोनतृतीयांश भरल्यावरच ती उघडावी. झडप सतत उघडी राहिली तर पाणी वाहून जाते, मैला तळाशी वाळून बसतो आणि मग तो काढणे अतिशय कठीण होते. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून लिहिले.

प्रश्न जरूर विचारावेत. मला माहीत आहे तेवढे सांगेन.

सोनकी

ताई, फार मोलाचे लिहिलेत. काही व्यावहारिक शंका आहेत. ही कामे मिळवायची कशी? आठवड्याला किती तास द्यावे लागतात? दोघांपैकी एकालाच काम करायचे असेल तर चालते का? आणि माझे आईवडील पर्यटक व्हिसावर सहा महिने येणार आहेत. त्यांना पक्ष्यांची अतिशय आवड आहे, तर ते आमच्याबरोबर असे राहू शकतील का?

मामातलाव

सोनकी, केंद्र सरकारच्या विभागांचे एक सामाईक संकेतस्थळ आहे, व्हॉलंटिअर डॉट गव्ह. त्यावर राज्य, काम आणि मोटरहोमसाठी जागा आहे का हे निवडून शोधता येते. परंतु त्या जाहिरातीवर विसंबून राहण्यापेक्षा ज्या आश्रयस्थानात जायचे आहे तिथल्या स्वयंसेवक समन्वयकाला थेट पत्र लिहावे आणि आपल्याला काय करता येते ते त्यात स्पष्ट सांगावे. माझे पती विजेची आणि सुतारकामाची दुरुस्ती करतात, आणि आम्हाला जागा मिळाली ती माझ्या पक्षीप्रेमापेक्षा त्यांच्या हातांमुळे, हे मी आनंदाने कबूल करते.

तासांचे सर्वत्र एकच गणित नाही. साधारणपणे माणशी २४ ते ३२ तास आणि किमान तीन महिन्यांचा मुक्काम अशी अपेक्षा असते. काही ठिकाणी जोडप्यातला एकच जण काम करत असला तरी जागा देतात, पण मग त्या एकाचे तास वाढतात. २५० तास पुरे झाले की केंद्र सरकारच्या उद्यानांत व आश्रयस्थानांत वर्षभर प्रवेश देणारा पास मिळतो. स्वयंसेवेचा करार सही करून घेतल्याशिवाय एक दिवसही काम करू नये. त्या करारामुळे कामावर असताना दुखापत झाल्यास सरकारी कर्मचाऱ्यांसारखे भरपाईचे संरक्षण मिळते.

आईवडिलांविषयी मात्र सावध राहा. कामाच्या मोबदल्यात राहण्याची जागा घेणे पर्यटक व्हिसाच्या चौकटीत बसेल असे गृहीत धरू नका. परदेशी नागरिकांना त्यासाठी योग्य प्रकारचा व्हिसा लागतो आणि समन्वयक तो आधी विचारतात. त्यांना पाहुणे म्हणून आणा. जवळच्या सोकोरो गावात राहायची सोय आहे आणि पहाटेचे उड्डाण पाहायला कोणतीही कागदपत्रे लागत नाहीत.

तीन_चाके_एक_घर

आमचा अनुभव याहून वेगळा होता आणि तोही इथे नोंदलेला असावा म्हणून लिहितो. आम्ही दोघे एका किनारी राज्यातल्या आश्रयस्थानात उन्हाळ्यात गेलो होतो. नाव लिहीत नाही. सगळे बोलणे फोनवर झाले होते. कासवांच्या घरट्यांची पाहणी करायला मिळेल असे सांगितले गेले. पोहोचल्यावर ऑगस्टच्या उकाड्यात, डासांच्या थव्यांत, आठवड्याचे चारही दिवस गवत कापण्याचेच काम मिळाले. मी गवत कापायला नाही म्हणत नाही, तेही कोणीतरी करायलाच हवे. पण आधी सांगितले असते तर पत्नीने त्या कामासाठी सुट्टी घेतली नसती. त्यात विजेचा दाब इतका खाली जाई, की वातानुकूलन यंत्र जळाले आणि तो खर्च आमच्या अंगावर पडला. सहा आठवड्यांनी आम्ही माफी मागून निघालो.

त्यामुळे माझी कळकळीची विनंती आहे की सगळे लेखी घ्यावे. तास माणशी की जोडप्याचे, जोडणी ३० अँपिअरची की ५० ची, जमीन मुरमाची की चिखलाची, फोनची रेंज आहे का, कपडे धुण्याचे यंत्र आहे का, आणि रोजचे काम नेमके कोण नेमून देणार, हे विचारायला संकोच करू नये. आणि विजेचा दाब कमी-जास्त झाला की जोडणी तोडणारे संरक्षक यंत्र विकत घेतल्याशिवाय कुठेही गाडी जोडू नये.

मामातलाव

अगदी खरे आहे. तुमच्या प्रतिसादातला शेवटचा परिच्छेद प्रत्येकाने उतरवून ठेवावा. आम्हीही दुसऱ्या वर्षी आठवड्याचे वेळापत्रक आधी मागवून घेतले आणि मगच निघालो.

धानपट्टा

ताई, मी भंडाऱ्याचा आहे. आमच्याकडे सारस मोजणीला दरवर्षी जातो, म्हणून आपले लेखन फार जवळचे वाटले. एक गोष्ट मात्र मला समजलेली नाही. अमेरिकेतल्या अशा आश्रयस्थानांत बदकांची शिकार करू देतात असे वाचले. ज्या जागेला आश्रयस्थान म्हणायचे तिथेच बंदूक कशी चालते? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे कल्पनेतही येत नाही.

मामातलाव

धानपट्टा, पहिल्या हिवाळ्यात दूरवरून बंदुकीचे बार ऐकू आले त्या सकाळी मीही हाच प्रश्न समन्वयकांना विचारला होता, आणि त्या दिवशी माझ्या घशाखाली जेवण उतरले नव्हते. म्हणून सविस्तर उत्तर देते.

या आश्रयस्थानांची सुरुवात १४ मार्च १९०३ रोजी झाली. पिसांच्या व्यापारासाठी पक्ष्यांची कत्तल चालली होती, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी फ्लोरिडातल्या पेलिकन आयलंड या छोट्या बेटाला संरक्षण दिले. आज देशभर साडेपाचशेहून अधिक आश्रयस्थाने आहेत आणि फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस हा विभाग ती सांभाळतो. १९९७ च्या कायद्याने तिथे वन्यजीवांचे हित सर्वांत आधी ठरवले. त्या हिताला बाध येत नसेल तर सहा प्रकारच्या वापरांना प्राधान्य दिले जाते, आणि निरीक्षण, छायाचित्रण, शिक्षण यांच्याबरोबर त्या सहांत मासेमारी आणि शिकारही आहे. शिकार ठरावीक भागात, ठरावीक दिवशी आणि मर्यादेतच करता येते.

दुसरी बाजू पैशाची आहे. १९३४ पासून पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्याला दरवर्षी डक स्टँप नावाचे तिकीट विकत घ्यावे लागते. आज त्याची किंमत २५ डॉलर आहे. त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा विकत घेण्यासाठी व राखण्यासाठी जातात. अनेक आश्रयस्थानांची जमीन या पैशांतून आली आहे. हे कळल्यावर माझा विरोध मावळला असे नाही. पक्षी पडताना मला पाहवत नाही आणि पाहवावे अशी माझी इच्छाही नाही. पण आता मी दरवर्षी स्वतः डक स्टँप विकत घेते, कारण न मारणाऱ्यांनीही या जमिनीचे पैसे भरले पाहिजेत असे मला वाटते.

तुम्ही सारस मोजता म्हणून आणखी एक सांगते. सारस आणि सँडहिल क्रौंच यांना शास्त्रज्ञ आता अँटिगोनी या एकाच प्रजातीतल्या दोन जाती मानतात. आपल्याकडे सारस धानाच्या बांधीत घरटे करतो आणि शेतकरी त्या घरट्याभोवतीची कापणी मागे ठेवतात; बोस्केत आश्रयस्थानाच्या जमिनीवर मका पेरतात आणि हिवाळ्यात तो थोडाथोडा आडवा करून क्रौंचांना खाऊ घालतात, म्हणजे ते शेजारच्या शेतकऱ्यांच्या पिकात उतरत नाहीत. पाहुण्यांना हे सांगताना मी गोंदियाच्या शेतकऱ्यांचे उदाहरण नेहमी देते. कोणत्याही तिकिटाविना, स्वतःच्या धानात घरटे राखणारी ती माणसे मला आमच्यापेक्षा मोठी वाटतात.

धानपट्टा

मनापासून आभार. आपले उत्तर येत्या मोजणीच्या वेळी गटात वाचून दाखवीन. क्रौंचांच्या पिल्लांना दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांकडून वाढवून घेण्याचा एक प्रयोग तिकडे झाला होता असे ऐकले आहे. तो याच ठिकाणचा का?

मामातलाव

होय, त्याचा हिवाळी भाग इथलाच. हूपिंग क्रेन हा उंच पांढरा क्रौंच १९४० च्या दशकात नामशेष होण्याच्या काठावर होता. १९७५ पासून त्याची अंडी आयडाहो राज्यातल्या ग्रेज लेक आश्रयस्थानात सँडहिल क्रौंचांच्या घरट्यांत ठेवली जाऊ लागली. सँडहिलांनी ती उबवली, पिल्ले वाढवली, आणि त्या पांढऱ्या पिल्लांना आपल्याबरोबर बोस्केपर्यंत आणले. वाटही ती शिकली. पण वयात आल्यावर त्यांनी आपल्या जातीचा जोडीदार निवडला नाही. ती स्वतःला सँडहिलच समजत राहिली. १९८८ नंतर अंडी ठेवणे थांबवले गेले आणि त्या पक्ष्यांची पुढची पिढी झालीच नाही. इथे येणारे जुने पाहुणे करड्या थव्यातल्या त्या एकट्या पांढऱ्या पक्ष्यांची आठवण अजून काढतात, आणि ती ऐकताना माझा जीव तुटतो.

ओली_हळद

ताई, स्वयंपाकाचे कसे करता? आम्ही भाड्याच्या मोटरहोमने आठ दिवस गेलो होतो, तर प्रत्येक फोडणीला धुराचा इशारा वाजत होता. शेवटी यजमानांनी त्याची बॅटरीच काढली. चार महिने हे कसे जमते?

मामातलाव

ओली_हळद, बॅटरी कृपा करून कधीही काढू नका. एवढ्याशा बंद जागेत गॅसची शेगडी, गॅसवरची उष्णता आणि झोपलेली माणसे एकत्र असतात. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. प्रोपेन, म्हणजे गाडीतला जळणाचा गॅस, हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याचा इशारा देणारे यंत्र जमिनीलगत बसवलेले असते, त्याच्यासमोर पिशव्या किंवा चपला ठेवू नयेत. शेगडी पेटवून घर गरम करणेही तितकेच धोक्याचे. फोडणीसाठी आम्ही एक छोटी शेगडी बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला ठेवली आहे. फोडणी तिथे करून आत वरणात ओतायची. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर डाळ शिजायला वेळ लागतो, त्यामुळे कुकर हवाच. डाळी आणि मसाले अल्बुकर्कीहून एकदाच भरून आणतो. न्यू मेक्सिकोत भाजून मिळणाऱ्या हिरव्या मिरचीचा ठेचा आमच्याकडे रोज असतो आणि शेजारच्या मोटरहोममधल्या बाईंना तो आता करता येतो.

स्वयंपाकघराशी जोडलेली एक गंभीर गोष्ट आहे ती उंदरांची. या भागातल्या रानउंदरांकडून हांटा विषाणू पसरतो. अमेरिकेत त्याची साथ प्रथम ओळखली गेली ती १९९३ साली, न्यू मेक्सिकोसह चार राज्यांच्या सीमा मिळतात त्या प्रदेशात. म्हणून सर्व धान्य स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावे आणि लेंड्या दिसल्या तर झाडू मारू नये, कारण कोरडी धूळ श्वासात जाते. हातमोजे घालून, ब्लीचचे पाणी शिंपडून, थोडा वेळ थांबून मगच ओल्या कागदाने टिपून घ्यावे. तसेच तळ्याकाठी मेलेला कलहंस दिसला तर हात लावू नये, ठिकाण लक्षात ठेवून कार्यालयाला कळवावे; २०२२ पासून अमेरिकेतल्या रानपक्ष्यांत बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव दिसतो आहे.

सोनकी

ताई, शेवटचा प्रश्न. फेब्रुवारीत पक्षी गेले की तुम्ही काय करता? आणि पुढच्या हिवाळ्यासाठी आम्ही केव्हा विचारणा करावी?

मामातलाव

ते एका दिवसात जात नाहीत. दुपारी ऊन चढून हवा वर उठू लागली की एखादा गट तळ्यावरून गोल गोल फिरत उंच जातो, इतका उंच की दिसेनासा होतो आणि नुसता आवाज येत राहतो. त्यांची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळे घालून बसलेली असते, त्यामुळे तो आवाज फार दूरवर पोहोचतो. तिथून ते उत्तरेला, कोलोरॅडोतल्या सॅन लुइस खोऱ्याकडे वळतात. पहाटेच्या मोजणीचे आकडे आठवड्यागणिक खाली येतात. मग फलक धुऊन आत ठेवणे, कुंपणाच्या तारा ताणणे, गोदाम आवरणे अशी कामे उरतात. आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात टाक्या रिकाम्या करून, टायरांतली हवा पाहून निघतो.

विचारणा मात्र तोपर्यंत थांबवू नका. ऑक्टोबरच्या जागा आदल्या फेब्रुवारी-मार्चमध्येच भरू लागतात. पत्रात तुमच्या मोटरहोमची लांबी, जोडणी किती अँपिअरची लागते आणि दोघे मिळून किती तास देऊ शकता हे पहिल्याच ओळीत लिहा. पत्राचा मसुदा इथे टाकलात तर मी वाचून सुचवीन.